दाईचं गाव

द्राक्षं उतरली की आमच्या गावात लेकरं मारायचा खेळ चालतो.

बाहेरच्या कोणी ऐकलं तर कपाळाला हात लावेल, पण आम्हाला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. द्राक्षांचा देव दिओनिसस, त्याच्या तान्हेपणाची ती गोष्ट. त्याची आई जळून मेली आणि सावत्र आई त्याच्या जिवावर उठली. तेव्हा नीसा नावाच्या दाईनं त्याला पोरीचा झगा घातला, छातीशी धरलं आणि मारेकऱ्यांना सांगितलं, ही मुलगी आहे. मारेकरी परत गेले. पुढं नीसा मेली तेव्हा देवानं तिला आमच्या गावात पुरलं आणि थडग्याच्या राखणीला उत्तरेकडचे स्किथी तिरंदाज आणून बसवले. म्हणून गावाला नावं दोन. नाण्यांवर नीसा, आणि लोकांच्या तोंडी स्किथोपोलिस, म्हणजे स्किथींचं शहर.

सणाला राखणदारांच्या घराण्यांतले पुरुष भाले घेऊन दारोदार फिरतात. दारात उभे राहून ओरडतात, "मुलगा की मुलगी?" आतली बाई तान्ह्याला छातीशी धरून म्हणते, "मुलगी." मग सगळ्यांनी भाले उंबऱ्याला टेकवायचे, वाइन प्यायची आणि पुढचं दार धरायचं. भाला टेकला की विषय संपला. त्या लेकराला पुन्हा कोणी काही विचारत नाही. दुपटं उघडून बघायचं नाही, हाही नियमच. हा खेळ मी जन्मभर पाहिला. एकदा मात्र तो खेळ नव्हता, आणि मला सांगायचंय ते त्या दिवसाचं.

माझं नाव अप्फे. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या जवसाचं काम. जवस तळ्यात कुजत घालायचा, वाळवायचा, झोडायचा, त्याचे तंतू, म्हणजे वाख, विंचरायचा, मग सूत काढायचं. हात कायम सोललेले आणि अंगाला तळ्याची घाण. धाकटा भाऊ निकानोर जन्मला त्याच दिवशी आई गेली. मी तेव्हा चांगली कळती होते. रडून रडून पोर निळं पडलं तेव्हा शेजारची शप्पीरामावशी आली. ती यहुदी. तिचा नवरा आमच्याच तळ्यावर वाख विंचरायचा आणि ती नुकतीच बाळंत झाली होती. काही न विचारता तिनं एका बाजूला आपली तिर्सा घेतली, दुसऱ्या बाजूला आमचा निकानोर.

बाबा तिला म्हणाले, "शप्पीरा, आमच्यात परक्या पोराला पाजणाऱ्या बाईचा थडग्यावर मान करतात. या सणाला तू चल."

"थडग्यापुढं मी वाकायची नाही दादा," ती म्हणाली. "मान तुमच्याकडेच ठेवा. त्यापेक्षा घागरभर तेल द्या."

बाबांनी दोन घागरी दिल्या.

गावाचं आमचं नाव ती कधी घेत नसे. तिच्या लोकांत या गावाला बेथशान म्हणतात. जुन्या काळी त्यांचा पहिला राजा शौल लढाईत पडला, तेव्हा शत्रूंनी त्याचं मुंडकं नसलेलं धड इथल्याच भिंतीवर टांगलं होतं म्हणे. नदीपलीकडचे लोक आले, त्यांनी ते भिंतीवरून उतरवलं आणि पलीकडे नेऊन पुरलं. "तुमचं गाव दाईच्या थडग्यावर बसलंय, आणि आमचं राजाच्या मढ्यावर," मावशी म्हणायची. "वाईट गाव आहे गं अप्फे हे. पण जवस चांगला येतो."

तिर्सा आणि निकानोर तळ्याच्या काठावरच वाढले. तळ्यात जळवा फार. निकानोर भित्रा. पायाला जळू लागली की किंचाळत सुटायचा, आणि त्याच्याच वयाची तिर्सा आजीबाईसारखी त्याचा पाय मांडीवर घ्यायची. "डोळे मीट, निक्या," म्हणायची. तो मिटायचा. ती जळू ओढून फेकायची आणि म्हणायची, "झालं, उघड."

मग ते वर्ष आलं. किनाऱ्यावरच्या कैसरियात यहुद्यांची कत्तल झाली, आणि तिचा सूड घ्यायला डोंगरातून यहुदी टोळ्या उतरल्या. आमच्यासारखी गावं जाळत त्या आमच्या भिंतीशी आल्या. राखणदारांचा मुख्य तेव्हा फिलोटास. स्किथी रक्ताचा तोरा मिरवायचा. त्याचा आजा टायर बंदरातून आलेला कांदेवाला होता, पण हे त्याच्यासमोर बोलायची कोणाची टाप नव्हती.

आमच्या गावचे यहुदी आमच्याबरोबर भिंतीवर उभे राहिले. तिर्साचा नवरा अझर्या सगळ्यांच्या पुढं. तिर्साचे दिवस भरले होते, तरी ती दगड वाहत होती. मीही पाटी घेऊन अझर्याच्या मागं होते. खालून शिडी लागली. चढून आलेला माणूस अझर्याचं तोंड बघून त्यांच्या भाषेत ओरडला, "अरे, मी आहे! मी!" चुलतभाऊ होता त्याचा. अझर्यानं भाला त्याच्या गळ्यात घातला, फिरवला आणि ओढून काढला. रक्ताची चिळकांडी माझ्या पाटीतल्या दगडांवर आली. अझर्या भिंतीला टेकून ओकला, तोंड पुसलं आणि पुन्हा जागेवर उभा राहिला.

टोळी भिंतीपासून हटली, पण डोंगरात तळ ठोकून राहिली. गावानं अझर्याचे पाय धुवायला हवे होते. त्याऐवजी सभेत फिलोटास उठून म्हणाला, "ज्यानं स्वतःच्या भावाच्या गळ्यात भाला घातला, तो आपल्या गळ्यात घालायला किती वेळ लावेल?" आणि लोकांनी माना डोलावल्या. शहाणेसुरते, आमच्याकडून सूत घेणारे, यहुद्यांच्या लग्नात जेवलेले लोक. त्या माना आठवल्या की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

ठरलं असं, की इमान दाखवायचं असेल तर यहुद्यांनी हत्यारं ठेवून, बायकापोरं घेऊन, धोका टळेपर्यंत भिंतीबाहेरच्या देवराईत जाऊन राहायचं. ते गेले. मडकी, चटया, कोंबड्या घेऊन गेले. आदल्याच दिवशी तिर्साला मुलगा झाला होता. तिला खाटेवरून नेलं.

त्याच दिवशी सकाळी माझी लेक मिर्तो तापानं गेली होती. तान्ही होती, नुकती मान धरायला लागलेली. शप्पीरामावशीनं स्वतःची बोचकी दारात टाकून तिला आंघोळ घातली, आणि आम्ही दोघींनी तिला चुलीजवळच्या जमिनीत पुरलं. कळवायचं कोणाला? नवरा कापड घेऊन दमास्कसला गेला होता, तो परत आलाच नाही. भाऊ भिंतीवर. जाताना मावशीनं माझ्या छातीला पट्टा आवळून बांधला. "दूध आटेल हळूहळू," म्हणाली. ते आटलं नाही. छाती दगड झाली आणि झगे भिजत राहिले.

मग पाच दिवसांनी संध्याकाळी निकानोर घरी आला. तो राखणदारांत भरती झाला होता. मी मसुराची आमटी वाढली. तो भाकरीचे तुकडे करत बसला, तोंडात एकही घालेना.

"ताई, उद्या तळ्यावर जाऊ नकोस."

"का? वाख काय आपापला वर येऊन बसणार आहे?"

"नको जाऊस म्हटलं ना. तळं देवराईला लागून आहे."

मी पळी खाली ठेवली. "काय करणार आहात तुम्ही?"

"दिवस उगवला की," तो भाकरीकडे बघत म्हणाला. "सगळ्यांना."

"बायकांना? पोरांना?"

"सगळ्यांना म्हटलं ना!"

"मेल्या, तिच्या दुधावर वाढलास तू!"

"तेच तर!" तो ओरडला. "तेच तर ऐकवतात मला उठता-बसता. यहुदी दुधाचा. फिलोटास म्हणाला, उद्या तू पहिल्या रांगेत. बघू दे, अंगात रक्त आहे की दूध."

"मग आजारी पड. पाय मोडून घे. मी मोडते, आण ते मुसळ इकडं."

"आणि मग मलाही त्यांच्यातच बसवतील. तुलासुद्धा." तो उठला. दाराशी थांबून म्हणाला, "मिर्तो झोपली?"

"झोपली," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

त्याला हाकलून दिलं आणि चुलीपाशी बसून विचार केला. सगळ्यांना वाचवणं माझ्या हातात नव्हतं. तिर्साला बाहेर काढणंही नव्हतं, तिला न ओळखणारं गावात कुत्रंसुद्धा नव्हतं. पण तिच्या मुलाचं तोंड अजून कोणी पाहिलं नव्हतं, आणि माझ्या घरात तान्ही मुलगी आहे हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. ती गेलेली फक्त शप्पीरामावशीला ठाऊक.

दाईचं थडगं देवराईच्या तोंडाशीच आहे. अंगावर पाजणाऱ्या बायका उजाडताना तिथं जाऊन थेंबभर दूध ओततात, आणि त्यांना कोणी अडवायचं नाही, हा राखणदारांचा सगळ्यात जुना नियम. तो मोडायची फिलोटासचीही छाती नव्हती. मी वाखाचा एक लांबट गठ्ठा केला, मिर्तोच्या दुपट्यात गुंडाळला, छातीशी धरला आणि झुंजुमुंजू होताच निघाले.

वाटेवरच्या पहारेकऱ्यानं जांभई दिली. "अप्फेताई, आज लवकर? पोरगी झोपू देत नाही वाटतं?"

"बापावर गेलीय. स्वतः झोपते आणि दुसऱ्याला जागवते."

तो हसला. "लवकर आटपा. आज तिथं फार वेळ थांबू नका."

मी थडग्यावर दूध ओतलं आणि मागच्या देवराईत शिरले. तिर्सा एका झाडाखाली पोराला घेऊन बसली होती. मला बघून हसली. मावशी चूल पेटवत होती, अझर्या दगडावर लहानसा सुरा घासत होता. मी सगळं एका दमात सांगितलं. निकानोर काय बोलला, कधी होणार, मी काय आणलंय.

मावशीनं लगेच मानलं. तिच्या हातातली काटकी खाली पडली. अझर्या मात्र सुरा घासतच राहिला.

"फिलोटासनं काल स्वतः भाकरी पाठवल्या आम्हाला," तो म्हणाला. "तुझ्या भावाची टर उडवली असेल कोणी."

"अरे, डोळ्यांसमोर भाल्यांची रांग लागेल तेव्हा मानशील का?"

"मी त्या भिंतीवर कोणाला मारलं, ते तू पाहिलंस अप्फे. तुमच्यासाठी मारलं. त्यानंतर हे असं करतील? माणसं आहेत ना ती?"

काय सांगायचं याला? मी तिर्साकडे वळले. "दे पोर. मी याला मिर्तो म्हणून नेते."

तिर्सानं पोराकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "अप्फेताई, आज आठवा दिवस आहे."

"कसला आठवा?"

"सुंतेचा," मावशी म्हणाली. तेव्हा मला कळलं सुरा कशासाठी घासला जातोय ते.

माझं डोकंच फिरलं. "वेड लागलंय का तुम्हाला? ती खूण अंगावर असली की संपलं! दुपटं उघडलं की पोर गेलं! आज नका करू. पुढं करा, मी करवून घेईन, कुठल्याही यहुद्याकडे नेईन, शपथ घेते!"

"पुढं कोण असणार आहे अप्फे?" मावशी म्हणाली. आवाज अगदी शांत. "नावही आजच ठेवायचं असतं. बिननावाचं, कोणाचंच नसलेलं पोर तुझ्या हातात कसं देऊ? मग ते वाचलं तरी आमचं काय वाचलं?"

"जीव वाचेल!"

"पटकन करा," तिर्सा अझर्याला म्हणाली. तिनं पोर मावशीच्या हातात दिलं. "पटकन करा, आणि मग ताई नेईल."

मला त्या क्षणी तिघांनाही चोपून काढावंसं वाटलं. अजूनही कधीकधी वाटतं. पण मी तिथंच उभी राहिले. मावशीनं पोराला मांडीवर धरलं, अझर्यानं ओठ हलवत काही म्हटलं, सुरा फिरला, पोर किंचाळलं. "अबनेर," तो म्हणाला. मावशीनं तेल-वाइनमध्ये भिजवलेली चिंधी लावली. चिंधी लाल झाली.

ते किंचाळणं अजून थांबलं नव्हतं, तेवढ्यात पलीकडून दुसरी किंकाळी आली, मोठ्या माणसाची.

ते तिन्ही बाजूंनी आले. आरडाओरडा न करता, शेत कापायला आल्यासारखे ओळीनं. चटयांवर झोपलेल्यांना त्यांनी झोपेतच भोसकलं. कोणी उठून बसला तर त्याच्या बसल्या छातीत भाला. बोळकं तोंड उघडून एक म्हातारा हात जोडत होता, त्याचे जोडलेले हातच तुटून पडले. बायका पोरांवर पालथ्या पडल्या, तर भाला दोघांतून आरपार गेला. आमचा कुंभार, आमचा तेली, आमच्या तळ्यावरची वाख झोडणारी माणसं. झोडतात तसेच झोडत होते, श्वास टाकत, एका ठेक्यात. कोंबड्या रक्तातून पळत होत्या.

अझर्याच्या हातात तो बोटभर सुरा होता. तो घेऊन तो धावला. पहिल्या माणसाच्या डोळ्यात त्यानं तो मुठीपर्यंत खुपसला. मग तीन भाले एकदम त्याच्या पोटात गेले आणि त्याला तसाच उचलून झाडाला लावला. तो आमच्याकडे बघत होता. आता त्याचा विश्वास बसला होता.

मावशीनं पोर माझ्या हातात कोंबलं, वाखाचा गठ्ठा चुलीत फेकला. पोराभोवती आता मिर्तोचं दुपटं होतं. "नदीपलीकडे ने," ती म्हणाली आणि वाट अडवून उभी राहिली. फिलोटास पुढं होता. त्यानं तिला नावानं ओळखलं असणार, तिच्या हातची अंजिराची वडी खाल्ली होती त्यानं. त्यानं तलवार वरून खाली मारली, मान आणि खांदा यांच्या मधे. ती बसली आणि मग आडवी झाली.

पोर रडत होतं. मी पट्टा ओढून काढला आणि त्याचं तोंड छातीला लावलं. दोनदा तोंड फिरवलं त्यानं, मग धरलं. दूध इतक्या जोरात आलं की ते गुदमरलं, पण सोडलं नाही. तिर्सानं ते पाहिलं. आमच्या दोघींत चार हातांचं अंतर होतं. तिनं पाठ फिरवली आणि उलट्या दिशेला, तळ्याकडे, मोठ्यानं ओरडत पळत सुटली, सगळ्यांनी आपल्याकडेच बघावं म्हणून.

बाळंतीण बाई, किती पळणार? काठावर घसरून पडली. फिलोटासनं सगळ्यांना हातानं थांबवलं. "निकानोर," त्यानं हाक मारली. "ही तुझी."

निकानोर पुढं आला. आतापर्यंत त्यानं काय केलं होतं मला माहीत नाही, पण हात कोपरापर्यंत लाल होते. तो तिच्यासमोर उभा राहिला आणि भाला त्याच्या हातात असा हलायला लागला की टोक ठरेना. मागचे हसायला लागले. "दूध आहे रे, दूध!" कोणीतरी ओरडलं.

तिर्सा गुडघ्यांवर बसली होती. केसांना तळ्याचा चिखल. तिनं त्याच्याकडे वर बघितलं.

"डोळे मीट, निक्या," ती म्हणाली.

त्यानं मिटले. आणि भाला मारला. मिटल्या डोळ्यांनी मारला म्हणून नीट लागला नाही, पुन्हा मारावा लागला.

मी थडग्याला पाठ लावून उभी होते. मग मी चालायला लागले, कारण पोर पीत होतं आणि ते संपलं की रडणार होतं. वाटेच्या तोंडाशी फिलोटास आडवा आला.

"अप्फे. तू इथं काय करतेस?"

"दाईला दूध ओतायला आले होते. तुझ्याच घराण्याचा नियम आहे, विसरलास?"

तो दुपट्याकडे वाकला. त्याचा श्वास लागला होता. "येताना पोरगी गप्प होती म्हणाला पहारेकरी. आता हुंदके देतेय."

"हे सगळं बघून तूही दिले असतेस, तुला आई असती तर."

"उघड दुपटं."

"दुपटं उघडायचं नसतं."

"आज सण नाही." त्यानं मागं वळून हाक मारली. "निकानोर! तुझी भाची ना ही? तूच बघ."

निकानोर आला. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही, मीही त्याच्याकडे पाहिलं नाही. मी त्याच्या हातांकडे पाहत होते. त्या हातांनी त्यानं दुपट्याची घडी उलगडली. आत ती चिंधी, तेलात आणि रक्तात भिजलेली, आणि चिंधी सरकून जे दिसायचं ते सगळं दिसत होतं. तो बघत राहिला. त्याला कळलं की हा तिर्साचा. माझी मिर्तो नाही हेही कळलं. बाकी काय काय कळलं ते त्याचं त्याला ठाऊक. त्याच्या बोटांवरचं तिचं रक्त दुपट्याला लागलं, आणि पोराच्या रक्तात कुठलं कुणाचं ते ओळखू येईना.

"काय रे?" फिलोटास म्हणाला. मग त्याच्याही नकळत, जन्मभराच्या सवयीनं, तो सणाच्याच चालीत बोलला. "मुलगा की मुलगी?"

निकानोरनं घडी पुन्हा नीट बसवली.

"मुलगी," तो म्हणाला. आणि भाला जमिनीला टेकवला.

मागं उभे होते ते बापजाद्यांपासून हेच करत आलेले. एकानं टेकवला, मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनी. रक्तानं माखलेली माणसं, पण भाले टेकवताना त्यांची तोंडं सणासारखी झाली. भाले टेकले की विचारायचं नसतं. फिलोटासनं इकडंतिकडं पाहिलं आणि त्यालाही तलवार खाली करावी लागली. मी त्याच्या बाजूनं निघून गेले.

त्यानंतरची वर्षं मी अबनेरला मिर्तो म्हणून वाढवलं. लांब केस, झगा, कानांत तारेचे डूल. नदीपलीकडे न्यायचं तर वाटा बंद, सगळीकडे रोमन फौजा, पलीकडची गावंही जळालेली. जवसाचं काम करायचं, दार लावून त्याला आंघोळ घालायची. निकानोर माझ्या घरात पुन्हा आला नाही. सणाला दारात द्राक्षांची टोपली ठेवून जायचा. द्राक्षं मी कोंबड्यांना घालत असे. मी त्याला माफ केलेलं नाही. त्यानं एक जीव वाचवला आणि एक घेतला. लोक म्हणतील हिशेब फिटला. मी म्हणत नाही.

मग एका सणाला भालेकरी आमच्या दारात आले. पुढं निकानोर, मागं फिलोटास, हातात वाइनचा पेला. घरात तान्हं नसलं की गंमत म्हणून थोरल्या पोरांनाच विचारतात. निकानोरला मान वर करावीच लागली.

"मुलगा की मुलगी?"

आमचं पोर दारात उभं होतं. पाच वर्षांचं, गुडघे फुटलेलं, आईसारखीच हनुवटी. पोरांत खेळताना झग्यावरून रोज चिडवून घेऊन कंटाळलेलं.

"मुलगा!" ते ओरडलं.

मग निकानोर हसला. नको तितक्या मोठ्यानं हसला. "खोटारडी कार्टी!" म्हणाला आणि भाला उंबऱ्याला टेकवला. बाकीचेही हसले, भाले टेकले. फिलोटास हसला नाही. पेला तोंडाशी नेऊन पोराच्या हनुवटीकडे बघत राहिला. "उद्या येतो," एवढंच म्हणाला.

उद्याची वाट कोण बघतं? मिरवणूक थडग्याकडे वळताच मी पोराला काखोटीला मारलं, थोडं सूत, थोडी भाकरी आणि लपवून ठेवलेला एक सदरा घेतला आणि पूर्वेच्या फाटकाकडे निघाले. फाटकावर निकानोर होता. एकटाच. त्यानं पहारा मागून घेतला असावा.

मी त्याच्यासमोर थांबले. पोर त्याच्याकडे बघत होतं. त्यानं आडणा काढला, एक फळी ढकलली आणि बाजूला झाला.

मग त्यानं डोळे मिटले. आम्ही पार दिसेनासे होईपर्यंत त्यानं ते उघडले नसतील, असं मला वाटतं. मी मागं वळून पाहिलं नाही.

नदीला पाणी कमी होतं. पलीकडे चढून मी पोराला खाली ठेवलं, झगा काढला, डूल काढले, दातांनी तोडून त्याचे केस आखूड केले आणि माझ्या नवऱ्याच्या जुन्या अंगरख्याचा कापून शिवलेला तो सदरा घातला. तो स्वतःकडे खाली बघत उभा राहिला, मग गोल फिरला.

"आता कोणी विचारलं तर?" तो म्हणाला.

"सांगायचं, मुलगा. नाव अबनेर." "तिर्साचा अबनेर."

"तिर्सा कोण?"